माशापायी तुटलेले संबंध

१९ फेब्रुवारी १९७६ ला आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. दोघंही नाटोचे संस्थापक मेंबर, म्हणजे एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने धावून जायचं असं १९४९ मध्ये लिहून दिलेले देश, दोघांना धाक सोव्हिएत युनियनचा, आणि भांडण कशावरून, तर कॉड नावाच्या माशावरून. एका बाजूला सव्वादोन लाखाच्या आतबाहेर लोकसंख्येचा देश, ज्याच्याकडे सैन्यच नाही (आजही नाही), आणि समोर साडेपाच कोटींचा ब्रिटन, ज्याच्या नौदलाच्या नावाने कधीकाळी जगभरच्या बंदरांत चळचळ कापायचे. जिंकलं कोण? आइसलँड. एकदा नाही, लागोपाठ तीनदा.

आमचं घर मूळचं कोकणातलं, त्यामुळे मासा आणि भांडण हे दोन्ही विषय मला अगदी घरचे वाटतात, आणि दोन्ही एकत्र आले की मी काम सोडून वाचत बसतो. पण या गोष्टीत मला जे सतत खुणावत राहतं ते 'छोट्याने मोठ्याला हरवलं' एवढंच नाहीये, तसल्या गोष्टी आपल्याला लहानपणापासून भरपूर ऐकवलेल्या असतात. मला गंमत वाटते ती या दोन देशांनी भांडण कसं चालवलं याची, म्हणजे किती ताणायचं, कुठे थांबायचं, कोणाला मध्ये घालायचं, आणि शेवटी 'संबंध तोडले' हे जाहीर करणं हीसुद्धा बोलणी पुढे ढकलायचीच एक रीत कशी असू शकते याची.

आता कॉड म्हणजे काय ते आपल्याला फारसं ठाऊक असायचं कारण नाही. आपल्या पाण्यात तो नाही, आपल्याकडे बांगडा, पापलेट, सुरमई. पण माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना सेव्हन सीजच्या त्या पिवळ्या पारदर्शक गोळ्या खाल्ल्या असतील, आईने रोज सकाळी हातावर ठेवलेल्या, चुकून दाताखाली फुटली तर दिवसभर तोंडाला वास. ते कॉडच्या लिव्हरचं तेल. आणि ती कंपनी मुळात १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या हल नावाच्या बंदरातल्या ट्रॉलरमालकांनी एकत्र येऊन काढलेली, कारण त्यांच्याकडे आर्क्टिककडून येणारा कॉड इतका होता की लिव्हरचं करायचं काय हाच प्रश्न होता. हे हल नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हल आणि त्याच्या जवळचंच ग्रिम्स्बी. इंग्लंडचं 'फिश अँड चिप्स' या दोन बंदरांच्या जिवावर चालायचं आणि या बंदरांचं पोट आइसलँडच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यावर.

आइसलँडवाल्यांची बाजू सरळ होती. त्यांच्याकडे तेव्हा दुसरं काही नव्हतं. शेती म्हणजे मेंढ्या आणि गवत, जंगल नाही, खाणी नाहीत, टुरिस्ट तेव्हा कोण जातंय तिकडे. १९५० च्या दशकात निर्यातीतला बहुतेक सगळा पैसा माशाचा. आणि डोळ्यांसमोर, किनाऱ्यावरून दिवे दिसतील इतक्या जवळ येऊन ब्रिटिश ट्रॉलर मासे उपसून नेतायत, तेही १८९० च्या दशकापासून. त्यात १९०१ चा एक करार होता, डेन्मार्कने ब्रिटनशी केलेला, कारण तेव्हा आइसलँड डेन्मार्कच्या ताब्यात. त्यात आइसलँडची हद्द किनाऱ्यापासून फक्त ३ सागरी मैल. म्हणजे मालक एक, करार करणारे दोघं भलतेच. १९४४ मध्ये आइसलँड प्रजासत्ताक झालं आणि तिथपासून त्यांनी ठरवलंच होतं की हे पाणी आपण परत घ्यायचं.

आपल्याकडे बांध कोरणारा शेजारी असतो ना, दरवर्षी नांगरणीला वीतभर पुढे सरकतो, काही म्हणायला गेलं की म्हणतो छे छे बांध तर तिथेच आहे. आइसलँडने समुद्रात तसंच केलं, फक्त उघडउघड, तारीख जाहीर करून. १९५२ मध्ये ४ मैल. १९५८ मध्ये १२. १९७२ मध्ये ५०. १९७५ मध्ये थेट २००. प्रत्येक वेळी ब्रिटन म्हणालं हे बेकायदेशीर आहे, प्रत्येक वेळी आधी दमदाटी, मग बोलणी, मग माघार.

१९५२ ला ब्रिटनच्या ट्रॉलरमालकांनी काय केलं तर आइसलँडचा मासा आपल्या बंदरात उतरवूनच घ्यायचा नाही असं ठरवलं. व्यापारी बहिष्कार. वाटलं असेल महिनाभरात गुडघे टेकतील. पण झालं भलतंच, सोव्हिएत युनियन पुढे आलं आणि म्हणालं द्या आम्हाला, आम्ही घेतो. शीतयुद्ध ऐन भरात असताना नाटोच्या एका मेंबराचा मासा मॉस्कोच्या ताटात! वॉशिंग्टनमध्ये लोकांना घाम फुटला असणार. चारेक वर्षांनी, १९५६ मध्ये, बहिष्कार गुपचूप उठला. आइसलँडला त्यातून जो धडा मिळाला तो त्यांनी पुढची वीस वर्षं वापरला. आपली ताकद आपल्या गस्तीनौकांत नाहीये, आपण नकाशावर कुठे बसलोय त्यात आहे.

कारण आइसलँडमधलं केफ्लाविक. तिथे अमेरिकन तळ होता आणि ग्रीनलँड, आइसलँड, ब्रिटन यांच्या मधल्या पट्ट्यातून अटलांटिकमध्ये उतरणाऱ्या रशियन पाणबुड्यांवर तिथून नजर ठेवायचे. हा तळ बंद झाला तर नाटोचा एक डोळाच गेला. त्यामुळे प्रत्येक भांडणात आइसलँडचं कोणीतरी मंत्री किंवा पेपरवाला हळूच म्हणायचा की नाटोत राहून आम्हाला मिळतंय तरी काय, आमचेच मित्र आमच्या बोटींना धडका देतायत. बस, एवढंच म्हणायचं. पुढचं काम अमेरिका, नॉर्वे आणि नाटोचे सेक्रेटरी जनरल करायचे, लंडनला फोन करून करून.

पहिलं 'कॉड युद्ध' १९५८ चं, १ सप्टेंबरला १२ मैलांची हद्द लागू झाली तिथून सुरू झालं. ब्रिटिश ट्रॉलर आत घुसून मासेमारी करणार आणि त्यांच्या भोवती रॉयल नेव्हीचा पहारा. दुसऱ्याच दिवशी थोर नावाच्या गस्तीनौकेवरची माणसं एका ब्रिटिश ट्रॉलरवर चढली, ताबा घेतला, तेवढ्यात ईस्टबोर्न नावाची ब्रिटिश युद्धनौका आली आणि या ९ आइसलँडवाल्यांनाच उचलून घेऊन गेली. आता यांचं करायचं काय? कैदी म्हणावं तर युद्ध नाही. पाहुणे म्हणून ठेवले काही दिवस, खाऊपिऊ घातलं, आणि मग एका रात्री केफ्लाविकजवळ एका वल्ह्याच्या होडीत बसवून सोडून दिलं. वल्हवत जा घरी. कोणीही दुखावलं नाही, कोणाची नाचक्की फार झाली नाही. मला हा प्रसंग फार आवडतो.

आइसलँडच्या राजधानीतले, म्हणजे रेक्याविकमधले, ब्रिटिश राजदूत अँड्र्यू गिलक्रिस्ट, ते तर एक प्रकरणच होतं. घरासमोर जमाव घोषणा देत उभा, आणि हे गृहस्थ आत ग्रामोफोनवर बॅगपाइपच्या आणि लष्करी बँडच्या तबकड्या लावून बसले, आवाज मोठा करून. राजदूताने शोभेसं वागावं वगैरे आपण म्हणतो, पण मला वाटतं त्यात एक प्रकारची खेळकर कुरापतच होती, जमावालाही ती कळली असावी. पुढे हेच साहेब जाकार्तात राजदूत असताना १९६३ मध्ये तिथली ब्रिटिश वकिलात जमावाने पेटवून दिली, आणि योगायोग असा की तिथेही दगडफेक चालू असताना वकिलातीतला एक लष्करी अधिकारी बॅगपाइप वाजवत फिरत होता. माणूस कुठेही जावो, बॅगपाइप मागोमाग.

१९६१ ला समझोता झाला, ब्रिटनने १२ मैल मान्य केले, त्याबदल्यात आइसलँडने लिहून दिलं की यापुढे हद्द वाढवली आणि वाद झाला तर तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येईल. आणि इथे मला आइसलँडबद्दल जरा खरं बोलावंसं वाटतं. १९७१ च्या निवडणुकीनंतर तिथे डावीकडे झुकलेलं आघाडी सरकार आलं, ओलाफुर योहान्नेसन पंतप्रधान, त्यांनी पुढच्याच वर्षी १ सप्टेंबरपासून ५० मैल जाहीर केले, ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी ठरल्याप्रमाणे हेगला गेले, आणि आइसलँड कोर्टात फिरकलंच नाही. आम्ही लिहून दिलं होतं खरं पण तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, आता तो कागद लागू नाही, असं म्हणून मोकळे. जुलै १९७४ मध्ये कोर्टाने १० विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की आइसलँडला असं एकतर्फी ब्रिटिश ट्रॉलरना हाकलता येणार नाही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात त्या दिवशी आइसलँड चूक होतं. आपण छोट्याच्या बाजूने असलो की हे पान पटकन उलटतो, पण ते पान आहे. आज एखादा मोठा देश सही केलेला करार असा झटकून टाकतो तेव्हा आपल्याला राग येतो, आणि यायलाच हवा, मग १९७२ च्या आइसलँडचं मात्र कौतुक का वाटतं याचं माझ्याकडे पूर्ण पटेल असं उत्तर नाहीये. फारतर एवढंच म्हणेन की ब्रिटनसाठी तो धंद्यातला एक धंदा होता आणि यांच्यासाठी सगळा संसार.

बरं, या दुसऱ्या फेरीत आइसलँडने एक हत्यार काढलं, आणि ते इतकं साधं आहे की वाचताना हसूच येतं. ट्रॉलर जाळं ओढतो ते दोन जाड पोलादी तारांनी, त्या तारा पाण्यात लांबवर मागे गेलेल्या असतात. गस्तीनौकेच्या मागे लांब तारेला धार लावलेला एक लोखंडी आकडा बांधायचा, पाण्यात सोडायचा, आणि ट्रॉलरच्या पाठीमागून आडवं निघून जायचं. आकडा तारेत अडकतो, तार तुटते, जाळं गेलं, जाळ्यातला मासाही गेला. ना गोळी, ना कोणाच्या बोटीवर चढणं, ना कैदी. नुकसान मात्र हजारो पौंडांचं आणि ट्रिप वाया. ५ सप्टेंबर १९७२ ला एगिर या गस्तीनौकेने हा आकडा पहिल्यांदा वापरला, नाव आणि नंबर काळ्या रंगाने झाकलेल्या एका ट्रॉलरवर. ट्रॉलरवाल्यांनी नाव सांगायच्या ऐवजी रेडिओवर 'रूल ब्रिटानिया' लावून दिलं होतं. तार तुटल्यावर चिडून त्यांनी कोळसा, कचरा आणि एक कुऱ्हाडसुद्धा फेकून मारली म्हणतात. इथे कोणालाही शौर्यपदक मिळणार नाही, पण ज्याच्याकडे दारूगोळा वापरायची सोय नाही त्याने नेमकं दुखेल तिथे कसं कापायचं हे ज्याला सुचलं त्याची कमाल आहे.

अर्थात सगळंच हसण्यासारखं नव्हतं. १९७३ च्या मे महिन्यात ब्रिटिश नौदल परत आत आलं, एगिरने एका ट्रॉलरवर तोफेचे खरे गोळे झाडले, आणि ऑगस्टमध्ये एका ब्रिटिश फ्रिगेटशी, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेशी, टक्कर झाल्यावर एगिरचं डॅमेज झालेलं अंग वेल्डिंग करताना शॉक लागून तिचा एक इंजिनियर गेला. सगळ्या कॉड युद्धांत संघर्षापायी गेलेला हा एकच जीव म्हणून नेहमी सांगतात. एकच होता म्हणून आज याला गमतीने 'युद्ध' म्हणता येतं. दहा असते तर नाव वेगळं पडलं असतं. त्याच वर्षी, जानेवारीत, आइसलँडच्या हेमाए बेटावर घराच्या परसात म्हणावं तसा ज्वालामुखी फुटला, एका रात्रीत पाच हजारांवर माणसं मासेमारी बोटींनीच मुख्य बेटावर आणली, आणि तरी या सरकारने समुद्रातला हट्ट सोडला नाही. सप्टेंबरात त्यांनी सांगून टाकलं की ३ ऑक्टोबरपर्यंत युद्धनौका मागे घ्या नाहीतर संबंध तोडतो. नाटोचे सेक्रेटरी जनरल जोसेफ लुन्स यांनी मध्यस्थी केली, जहाजं मागे गेली, आणि नोव्हेंबरात दोन वर्षांचा करार झाला, ब्रिटनने वर्षाला १ लाख ३० हजार टन मासा धरायचा.

दोन वर्षं संपली १३ नोव्हेंबर १९७५ ला आणि तोवर आइसलँडने २०० मैल जाहीर केलेले. तिसरी फेरी सगळ्यात वाईट. थोर, तीर, एगिर, ओदिन (सगळी देवादिकांची नावं, तीही बहुतेक मारामारी करणाऱ्या) अशा मोजून सहा गस्तीनौका आणि दोनेक ट्रॉलर, आणि त्यांच्यासमोर आळीपाळीने मिळून ब्रिटनच्या २२ फ्रिगेट्स. पण या फ्रिगेट्स पाणबुड्या शोधायला बांधलेल्या, वेगवान, पातळ पत्र्याच्या, आणि आइसलँडच्या नौका बर्फात चालायला बांधलेल्या, जाड अंगाच्या. धडक झाली की महागडी फ्रिगेट दुरुस्तीला डॉकमध्ये. काही फ्रिगेट्सना तर पुढून लाकडाचं चिलखत घालावं लागलं. विसाव्या शतकातलं रॉयल नेव्ही, आणि लाकूड! दर धडकेनंतर दोन्ही सरकारं निवेदन काढायची की त्यांनीच आम्हाला ठोकलं. ६ मे १९७६ ला फाल्मथ या फ्रिगेटने तीरला इतकी जोरात धडक दिली की ती जवळपास पालथी पडली होती, तिचे कप्तान गुडमुंडुर क्यार्नेस्टेड, यांचं नाव आइसलँडमध्ये अजून घेतात.

आणि या सगळ्याच्या मध्ये १९ फेब्रुवारी. गेइर हाल्ग्रिम्सन तेव्हा पंतप्रधान, माणूस पक्का नाटोवाला, पाश्चात्त्य देशांशी जमवून घेणारा. जानेवारीच्या शेवटी ते लंडनला जाऊन ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना भेटून आले, जमलं नाही. घरी लोक खवळलेले, मच्छीमारांनी अमेरिकन तळाकडे जाणारे रस्ते अडवलेले. म्हणजे संबंध तोडायची घोषणा ज्याला मनापासून करायची नव्हती त्याच माणसाला ती करावी लागली. पण मला वाटतं त्याने ती फार हिशोबाने केली. घरच्यांना हवं होतं 'नाटो सोडा', त्याने दिलं 'ब्रिटनशी संबंध तोडले'. आवाज तेवढाच मोठा, नुकसान त्यामानाने किरकोळ.

कारण राजनैतिक संबंध तोडणं म्हणजे नक्की काय होतं? राजदूत सामान बांधतो, वकिलातीवरचा झेंडा उतरतो, आणि दोघंही आपापलं काम तिसऱ्याकडे सोपवतात. इथे आइसलँडचं लंडनमधलं काम नॉर्वेने बघितलं, ब्रिटनचं रेक्याविकमधलं फ्रान्सने. आपल्यालाही हे अनोळखी नाही, १९७१ च्या डिसेंबरात भारत-पाकिस्तान संबंध तुटले तेव्हा स्वित्झर्लंडने दोघांचं टपाल सांभाळलं, ते संबंध परत जुळले तेही १९७६ मध्येच. पण आपलं प्रकरण खऱ्या युद्धानंतरचं. इथे संबंध तुटलेले असताना दोन्ही देशांचे प्रतिनिधी ब्रसेल्सला नाटोच्या त्याच टेबलाभोवती बसत होते! म्हणजे पुढचं दार कडी लावून बंद आणि मागच्या अंगणात रोज भेट. शिवाय पुढचं दार बंद झाल्यामुळेच नॉर्वे, अमेरिका, लुन्स सगळ्यांची धावपळ वाढली, कारण आता खरंच काही बिघडेल अशी भीती वाटायला लागली होती. ब्रिटनला आइसलँडची भीती कधीच नव्हती, पण मित्रांच्या रोजच्या फोनचा वैताग होता.

मार्चमध्ये विल्सननी राजीनामा जाहीर केला, एप्रिलमध्ये कॅलहन आले आणि परराष्ट्रमंत्री झाले अँथनी क्रॉसलंड. आता हे बघा, क्रॉसलंड पार्लमेंटमध्ये निवडून यायचे ते ग्रिम्स्बीमधून. त्याच ग्रिम्स्बीमधून, जिथल्या ट्रॉलरसाठी हे सगळं चाललं होतं. एखाद्या कादंबरीकाराने असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा अतीच झालं. १ जून १९७६ ला ऑस्लोमध्ये, नॉर्वेच्या मध्यस्थीने, आइसलँडच्या परराष्ट्रमंत्र्यांशी, आयनार अगुस्टसन यांच्याशी, करार झाला तो या ग्रिम्स्बीच्या खासदाराने केला. सहा महिने, रोज सरासरी २४ ब्रिटिश ट्रॉलर, आणि मग संपलं. संबंध लगेच पूर्ववत. १ डिसेंबरला शेवटचे ब्रिटिश ट्रॉलर त्या पाण्यातून बाहेर पडले ते कायमचे. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत क्रॉसलंड पदावर असतानाच वारले, त्यांना ही सही किती जड गेली असेल कोण जाणे.

आणि मग जे झालं त्याला काय म्हणावं कळत नाही. १ जानेवारी १९७७ पासून ब्रिटनने स्वतःच, युरोपियन कम्युनिटीतल्या इतर देशांबरोबर, २०० मैलांची हद्द लागू केली. ज्याला बेकायदेशीर म्हणत सहा-सात महिने धडका घेतल्या तेच. जग त्याच दिशेने निघालं होतं, दक्षिण अमेरिकेत चिली आणि पेरूने १९४७ मध्येच २०० मैल म्हटलेले, संयुक्त राष्ट्रांच्या परिषदांत वर्षानुवर्षं त्यावर चर्चा चाललेली, १९८२ च्या सागरी कायद्यात ते पक्कंच झालं. भारताने आपला कायदा केला तोही ऑगस्ट १९७६ मध्ये, ऑस्लोच्या करारानंतर तीनेक महिन्यांनी. म्हणजे रत्नागिरीहून किंवा वेंगुर्ल्याहून सरळ पश्चिमेला निघालं तर २०० मैलांपर्यंतचा मासा आपला, हे ज्या काळात ठरलं त्याच काळात तिकडे तारा कापल्या जात होत्या. आइसलँडमुळे आपल्याला मिळालं असं मी म्हणत नाही, तसं ते नाहीच. पण हर्णैच्या बंदरावर परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरबद्दल, पर्ससीनच्या मोठ्या वेढ्याच्या जाळ्यांबद्दल, एलईडी लावून केलेल्या मासेमारीबद्दल तांडेल लोक, म्हणजे बोटींचे कप्तान, ज्या शिव्या घालतात त्या ऐकल्या की १९५० च्या आइसलँडमधला संताप कसा असेल याचा अंदाज येतो. फरक एवढाच की आपल्या तांडेलाला कोणत्या सरकारकडे जायचं तेच धड नाही, १२ मैलांच्या आत राज्य, बाहेर केंद्र, आणि मासा काही हद्द बघून पोहत नाही.

आता हल. ज्या माणसांची जाळी कापली गेली ती माणसं कोण होती? हलच्या हेसल रोडवरची, पोरवयात ट्रॉलरवर गेलेली, तीन-तीन आठवडे समुद्रात आणि दोन-तीन दिवस घरी. त्यांचा धंदा किती जीवघेणा होता बघा, १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हलचे तीन ट्रॉलर बुडाले आणि ५८ माणसं गेली. लिलियन बिलोका नावाची एक बाई डोक्याला स्कार्फ बांधून उभी राहिली, बाकीच्या बायकांना घेऊन लंडनला मंत्र्यांपर्यंत गेली, प्रत्येक ट्रॉलरवर रेडिओ ऑपरेटर हवा म्हणून भांडली आणि बऱ्याच मागण्या मान्य करून घेतल्या, बदल्यात तिची नोकरी गेली. त्या तीनपैकी शेवटचा ट्रॉलर आइसलँडच्याच एका फ्योर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत), वादळात बर्फ साचून, उलटला. त्याच वादळात त्याच फ्योर्डमध्ये ग्रिम्स्बीचा आणखी एक ट्रॉलर खडकावर चढला होता आणि त्यावरच्या १८ जणांना जिवंत काढलं ते आइसलँडच्या ओदिनने. हीच ती गस्तीनौका जी एरवी ब्रिटिश ट्रॉलरच्या मागे लागायची. आज ती रेक्याविकच्या सागरी म्युझियममध्ये उभी आहे.

या माणसांचं करार झाल्यावर काय झालं? काही नाही. ट्रॉलरमालकांना जहाजं मोडीत काढायला सरकारी पैसे मिळाले, खलाशांना मात्र सांगितलं की तुम्ही 'कॅज्युअल' कामगार, दर ट्रिपला नवी भरती, त्यामुळे नोकरी गेल्याची भरपाई तुम्हाला लागू नाही. तीस-तीस वर्षं त्याच बोटींवर काढलेले कॅज्युअल! भरपाईची योजना आली ती २००० साली, नोकरीच्या एका वर्षाला १००० पौंड, जास्तीत जास्त २० हजार. चोवीस वर्षांनी. तोवर त्यातले किती जण उरले होते. ऑस्लोमध्ये ज्या टेबलावर सह्या झाल्या तिथे नाटो होतं, शीतयुद्ध होतं, अख्खा अटलांटिक होता, हेसल रोड नव्हता. ब्रिटनने मागे हटायला हवं होतंच असं माझं मत आहे, पण मागे हटण्याची किंमत कोणी भरायची हे ठरवताना त्यांनी सगळ्यात कमी आवाज असलेल्याला पुढे केलं, आणि हे कुठल्या परकीय शत्रूने नाही, घरच्याच सरकारने केलं.

जिंकलेल्यांचंही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. ब्रिटिश गेल्यावर आइसलँडच्याच नव्या ट्रॉलरनी कॉड इतका उपसला की १९८४ मध्ये कोटा पद्धत आणावी लागली, कोणत्या बोटीने किती टन धरायचे ते ठरवून. १९९० च्या कायद्याने हा कोटा विकता-घेता यायला लागला. त्याच कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की समुद्रातला मासा ही राष्ट्राची सामायिक मालमत्ता आहे, आणि पुढच्या कलमांनी तो हळूहळू मूठभर कंपन्यांकडे जमा झाला, छोट्या गावांतले कोटे विकले गेले, गावं ओस पडली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने दोन मच्छीमारांच्या तक्रारीवर म्हटलं की ही पद्धत अन्यायाची आहे. ज्या पाण्यासाठी अख्खा देश एक झाला होता ते कोणाचं, यावर तिथे अजून निवडणुका लढवल्या जातात.

आणि या दोघांचं आपसात? कधी गोड कधी कडू. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या बँका बुडाल्या, लाखो ब्रिटिश लोकांचे पैसे अडकले, तर गॉर्डन ब्राउन सरकारने बँकेची मालमत्ता गोठवायला २००१ चा दहशतवादविरोधी कायदाच वापरला. ब्रिटिश अर्थखात्याच्या यादीत अल-कायदाच्या सोबतीला आइसलँडची बँक! आइसलँडवाल्यांनी 'आम्ही दहशतवादी नाही' म्हणून आपल्या पोराबाळांचे फोटो इंटरनेटवर टाकले. त्या डिसेंबरात नाटोच्या वतीने आइसलँडच्या आकाशात गस्त घालायची पाळी ब्रिटनच्या विमानांची होती, ती रद्द झाली, साहजिकच आहे, कोणाला आवडेल. पैसे फेडायचे की नाही यावर आइसलँडमध्ये दोनदा सार्वमत झालं, दोन्ही वेळा लोक नाही म्हणाले, आणि २०१३ मध्ये एफ्टाच्या, म्हणजे युरोपातल्या मुक्त व्यापार संघाच्या, कोर्टाने निकाल दिला आइसलँडच्या बाजूने. या वेळी मात्र ते कोर्टात हजर होते. मग २०१६ ला युरो कपमध्ये आइसलँडने इंग्लंडला २-१ हरवलं, त्याच वर्षी 'आइसलँड' नावाच्या ब्रिटिश सुपरमार्केटविरुद्ध, आमच्या देशाचं नाव तुमचं ट्रेडमार्क कसं, म्हणून त्यांचं सरकार लढायला उतरलं. २०१९ मध्ये ब्रिटिश विमानं अखेर त्या गस्तीला गेली.

ग्रिम्स्बी अजून माशाचंच गाव आहे, फक्त तिथे मासा पकडून आणत नाहीत, कापून पॅक करतात, आणि त्यातला बराचसा येतो आइसलँड आणि नॉर्वेहून. २००९ ला बँका बुडाल्यानंतर घाबरून आइसलँडने युरोपियन युनियनमध्ये यायला अर्ज केला, २०१३ मध्ये बोलणी थांबवली आणि २०१५ ला अर्ज मागे घेतला, मासेमारीचा विषय नीट टेबलावर यायच्या आधीच. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या सरकारने परत म्हटलं की बोलणी सुरू करायची का यावर २०२७ पर्यंत सार्वमत घेऊ. ब्रिटन आता त्या युनियनमध्ये नाही, त्यामुळे या वेळी २०० मैलांच्या आत कोणाला येऊ द्यायचं हे भांडण झालंच तर ते दुसऱ्या कोणाशी तरी होईल, स्पेनशी म्हणा, फ्रान्सशी म्हणा. जुन्या गस्तीनौकांपैकी थोर हे नाव अजून आहे, फक्त ती थोर नवी आहे, २०११ मध्ये आलेली, आणि तीर २०२१ मध्ये सेवेतून गेली.